निघताना काय म्हणालात?

परक्या माणसाला परकं वाटू न देणं हे माझं काम होतं आणि त्याचा मला पगार मिळायचा. समीना हेच काम जाता-येता, हसत, कुणी न सांगता करायची. आता सांगा, मला मत्सर वाटणार नाही तर काय वाटेल?

या अंकाच्या संपादकबाईंना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या जरा गडबडल्या. "थोडं सकारात्मक लिहाल ना?" म्हणाल्या. लिहीन की. पण परदेशातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीतून मी काय काय मिळवलं याचा विचार केला, तर सगळ्यात टिकाऊ निघाला तो मत्सरच. बाकीचं बरंच विसरले.

मस्कतला, अझैब्यात, एका खासगी कॉलेजात मी होते. दोन वर्षांचा डिप्लोमा देणारं, वस्तीतल्या मुलांसाठीचं कॉलेज. अशाला कम्युनिटी कॉलेज म्हणतात. विद्यापीठात जागा न मिळालेली, घर सोडून लांब जाऊ न शकणारी किंवा दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणारी मुलंमुली तिथे यायची. मी इंग्रजी शिकवायला म्हणून लागले आणि काही वर्षांनी माझ्याकडे 'इंटरनॅशनल ऑफिस' आलं. नाव भारदस्त होतं. प्रत्यक्षात झेरॉक्सच्या खोलीला लागून एक खोली, एक टेबल, भिंतीवर जगाचा नकाशा आणि मी. माझं नाव वसुधा. इंग्रजी स्पेलिंगमधला 'व्ही' अरबीत नाही, त्यामुळे मुलांच्या तोंडी मी 'मिस फसुदा' झाले. फसणं माझ्या नशिबात आहे हे त्यांना आधीच कळलं असावं.

काम पोस्टातल्यासारखं, आवक आणि जावक. आवक म्हणजे पोलंड, कोरिया, कॅनडा अशा ठिकाणांहून एका सत्रासाठी येणारी मुलं. ती अरबी शिकायची, आमच्या मुलांबरोबर वर्गात बसायची आणि ओमानी कुटुंबात पाहुणी म्हणून राहायची. जावक म्हणजे आमची मुलं, तशीच एका सत्रासाठी तिकडे. आवक सोपी, कारण ओमानी माणूस पाहुण्याला नाही म्हणत नाही. जावक अवघड, त्यातून मुलींची. मुलगी हुशार असते, तिकडचं कॉलेज हो म्हणतं, सगळं जुळून येतं, आणि मग घरात वडील नुसती मान हलवतात. उभी नाही, आडवी.

आवकेतही गमती व्हायच्या. पोलंडची एक मुलगी पंधरवड्यातच पोट धरून माझ्या खोलीत आली. "हे लोक मला खायला घालून मारणार आहेत का?" तिची बाजू ऐकली आणि माझ्या लक्षात आलं. ओमानी घरात सगळे एका मोठ्या ताटाभोवती बसतात आणि प्रत्येक जण आपल्या समोरचा भात खातो. हिच्या आजीने हिला पानात टाकू नये असं शिकवलेलं. ही आपल्या समोरचं स्वच्छ करायची. यजमानीणबाईंना वाटायचं, पोर उपाशी राहिली, की त्या आणखी मटण तिच्या बाजूला ढकलायच्या. ती तेही संपवायची.

"थोडं शिल्लक ठेव," मी सांगितलं.

"ते पाप आहे."

"आमच्याकडेही पापच आहे. इथे ते करायचं."

ती बरी झाली. मला हा किस्सा सांगायला आवडतो, कारण तो गुंता सोडवताना समीना कॉलेजात नव्हती.

कॅनडाहून यजमान कुटुंबांसाठी प्रश्नावली यायची. 'घरात एकूण किती माणसे राहतात?' यावर एका आजोबांनी मला उलट विचारलं होतं, "कुठल्या वारी?" आणि नवीन मुलांच्या पहिल्या वर्गात मी हिमनगाचं चित्र दाखवायचे. या विषयातल्या सगळ्या पुस्तकांत असतं ते. संस्कृती म्हणजे हिमनग, थोडा वर दिसतो, बाकीचा पाण्याखाली. बाहेर डांबर वितळत असताना मी वर्षानुवर्षं हिमनग दाखवला. मुलं मायेने बघायची, कारण बर्फ बघायला कुणालाही आवडतं.

मग कॉलेजात शिकवायला समीना आली. श्रीवर्धनकडची कोकणी, वडील मत्र्याच्या बाजारात व्यापारी, त्यामुळे अर्धं बालपण मस्कतमध्ये. बी.एड. मुंबईचं, अरबी तिथल्या गल्लीतलं, अस्सल. मस्कतच्या हमरिया भागात राहायची. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, काडीसारखी बारीक, आणि आल्या दिवसापासून मला ताई म्हणायला लागली. नाव ऐकून मी मनात म्हटलं, आता हिची फजिती बघायला मिळणार. कारण अरबीत 'समीना' म्हणजे लठ्ठ बाई. मुली फिदीफिदी हसणार याची मला खात्री होती आणि, खोटं कशाला सांगू, मी वाट बघत होते. समीना वर्गात शिरली, एकदा स्वतःभोवती गिरकी घेतली आणि अरबीत म्हणाली, "आईबापांनी आशा ठेवली होती, मी पुरी करू शकले नाही." वर्ग खाली पडायचा बाकी राहिला. तासाअखेर मुली तिच्यासाठी खजूर घेऊन उभ्या होत्या, जाड व्हायला.

हिमनग तिने काही न बोलता बाजूला ठेवला. त्याऐवजी ती मुलांना विचारायची, "तुमच्या घरी पाहुण्याला काय करू देत नाहीत?" कुणी म्हणायचं भांडी घासू देत नाहीत, कोरियाचा मुलगा म्हणायचा स्वतःचा पेला स्वतः भरू देत नाहीत, आणि अर्ध्या तासात वर्गात भांडणं, हशा, सगळं. मी मागच्या बाकावर बसून बघत होते. हे मला का सुचलं नाही, या एका विचाराने अंगाचा तिळपापड झाला.

पण खरी कळ वेगळीच होती. रमझानमध्ये मुलींच्या घरून रोजा सोडायला बोलावणी यायची, आम्हा दोघींनाही. मी गेले की बैठकीतला मोठा सोफा माझा. पाठीला उशी, समोर फळांचं तबक, कॉफीचा सुगंध, आणि घरातला एखादा इंग्रजी येणारा भाऊ माझ्याशी हवापाण्यावर बोलायला नेमलेला. समीनाला मुली दारातूनच हाताला धरून आत न्यायच्या. मग आतून भांड्यांचा आवाज, बायकांचं हसणं, मध्येच समीनाचं खळखळून काहीतरी. मला सोफा मिळायचा आणि तिला स्वयंपाकघर. इतकी वर्षं त्या देशात काढली, पण एकाही ओमानी घराच्या चुलीजवळ मी बसले नव्हते. मला ते हवं होतं. मान नको होता, आत बसायला हवं होतं. घरी येऊन मी कुरकुर केली की नवरा म्हणायचा, "अगं, लोक मान देतात तर तुला दुखतं कुठे?" पोटात दुखायचं, आणखी कुठे!

अशात शमसाचं प्रकरण झालं.

शमसा समाईलची, खजुरांच्या बागांतलं गाव, मस्कतपासून आत डोंगरांकडे. कॉलेजच्या वसतिगृहात राहायची. पहिल्या वर्षी ती इंग्रजीत फक्त 'येस मिस' म्हणायची आणि दुसऱ्या वर्षी माझ्याशी वाद घालायची. तिला मी घडवलं असं म्हणणार नाही, पण घडताना तिच्याजवळ मी होते, समीना नव्हती. कॅनडातल्या एका छोट्या गावच्या कॉलेजने तिला एका सत्रासाठी घेतलं. आमच्याकडून आजवर कुठलीही मुलगी गेली नव्हती. शमसा गेली असती तर पाठोपाठ चार जणींची वाट मोकळी झाली असती. ती घरी गेली, सांगितलं, आणि वडिलांनी मान हलवली. आडवी.

"समीनाला पाठवू या त्यांच्या घरी," विभागप्रमुख म्हणाले.

"शमसा माझी विद्यार्थिनी आहे," मी म्हटलं. "मी जाईन. एकटी."

"अरबी?"

"येतं मला."

येत होतं म्हणजे शिकवणीपुरतं येत होतं. पण त्या दिवशी मला ते आलंच पाहिजे होतं. शमसाच्या परीक्षा चालू होत्या, ती वसतिगृहात होती, हेही मला सोयीचंच वाटलं. हमरियातल्या मिठाईवाल्याकडून पेढे घेतले आणि गाडी काढली.

वडील, त्यांना गावात अबू सईद म्हणायचे, थोरल्या मुलाच्या नावावरून. पांढरी दाढी, शांत चेहरा. त्यांची बायको उम सईद हात मिळवून गेली आणि मधूनमधून दाराशी येऊन बघत राहिली. मी सोफ्यावर. मी अरबीत जे पाठ करून आले होते ते सगळं बोलले, आणि बरं बोलले. अबू सईद मान डोलवत होते, उभी. कॉलेज जबाबदारी घेतं, मुलगी सुखरूप जाईल आणि सुखरूप परत येईल, हे मी तीनतीनदा सांगितलं. उठले तेव्हा ते म्हणाले, "जेवून जायचं." मी आपल्या पद्धतीने नको-नको केलं. ते पुन्हा म्हणाले. मी हात छातीवर ठेवला, हसले आणि दारात उभी राहून म्हणाले, "अना जाया." त्यांचाही चेहरा फुलला. मस्कतपर्यंत मी गाडीत गाणी म्हणत आले.

दोन दिवसांनी अबू सईदांचा विभागप्रमुखांना फोन आला. मुलगी जाणार नाही. आणि पुन्हा कुणी घरी येऊ नये.

माझी काय अवस्था झाली असेल ते सोडा. शमसा रडली, आणि रडली ती माझ्याकडे नाही, समीनाकडे. समीना माझ्या खोलीत आली, दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून बसली.

"ताई, एक विचारू? रागवू नका. निघताना तुम्ही काय बोललाव?"

"काय बोलणार? आभार मानले. जेवायला थांबा म्हणाले, नको म्हटलं."

"ता नाय. अगदी दारात. शेवटचा शब्द."

"येते म्हटलं."

"मराठीत?"

"अरबीत. अना जाया."

समीनाने कपाळावर हात मारून घेतला. मग तोंडावर ओढणी दाबून ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मला तिचा गळा धरावासा वाटला.

"अहो ताई, ते तुमची वाट बघीत बसले! 'अना जाया' म्हणजे मी येतेच आहे. त्यांना वाटला, गाडीतून काही आणायला गेलात, नायतर नवऱ्याला बोलवायला. बकरा कापला त्यांनी. भाऊबंद बोलावले. संध्याकाळपर्यंत कुणी जेवला नाय. शमसाचा बाप रस्त्यावर जाऊन उभा राहिला होता."

शब्द मला येत होता हो. 'अना रायहा', मी जाते. शिकवणीच्या पहिल्याच आठवड्यात शिकले होते. पण कुणाच्या उंबऱ्यात उभं राहून, ते माणूस समोर असताना, 'जाते' म्हणायला माझी जीभ उचलली नाही. पन्नास वर्षांत कधी उचललीच नव्हती.

"ते काय म्हणाले शमसाला?" मी विचारलं.

समीना आता हसत नव्हती. "बोलले, जी बाई 'येते' बोलून आली नाय, ती माझ्या मुलीला परत काय आणणार?"

बरोबर बोलले होते. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"आमच्यात पण 'जातंय' नाय बोलत. आजी थोबाडीत मारायची. लहानपणी इथे नवीन असताना मी शेजारणीकडे हाच घोळ घातला होता. फक्त तिने नुसता चहा ठेवला होता, बकरा नाय."

म्हणजे सगळ्या मस्कतमध्ये माझी चूक ओळखू शकणारी बाई एकच होती, आणि ती नेमकी हीच असावी! दुसरी कुणीही असती तर मी पाया पडले असते.

येऊ नका म्हटलं असूनही समीनाने आधी उम सईदला फोन केला, बायकांचा मार्ग काढला आणि आम्ही दोघी समाईलला गेलो. मी मान खाली घालून बसले. समीना बोलली. आमच्या भाषेत निघणारा माणूस जातो असं म्हणत नाही, ते अशुभ वाटतं, म्हणून येतो म्हणतो, असं तिने नीट उलगडून सांगितलं. अबू सईद बराच वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले.

"आणि ज्याला परत यायचंच नाही तो?" त्यांनी विचारलं.

"तोही येतोच म्हणतो."

"म्हणजे तुमच्या देशात कुणी जातच नाही?"

आधी दाराशी उभी असलेली उम सईद हसली, मग ते हसले. मग ते गंभीर होऊन समीनाशी काहीतरी बोलले, माझ्याकडे बोट दाखवून. समीनाने ते मला मराठीत सांगितलं, "बोलतात, शमसाला पाठवतो. पण ह्या बाईने येते म्हटलंय तर तिने यायचं. शमसा तिकडे असेपर्यंत दर शुक्रवारी जेवायला. माझी मुलगी तुमच्या ओळखीच्या घरी राहील, तर तुमचं माणूस माझ्या घरी दिसलं पाहिजे."

"आपण दोघी?" मी विचारलं.

"नाय," समीना म्हणाली. "तुम्ही."

परतताना ती खिडकीबाहेर बघत होती. समाईल मागे पडल्यावर म्हणाली, "मला कुणी असं आमंत्रण दिलेला नाय. म्हणजे असं, अट घालून." मी समोरच्या रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. मला इतकं बरं वाटलं की ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी दोनदा खोकले.

शमसा गेली. मी शुक्रवारी जायला लागले. पहिले दोन शुक्रवार सोफा. तिसऱ्या शुक्रवारी उम सईद माझ्यासमोर कॉफी घेऊन बसली आणि चक्क हिंदीत म्हणाली, "तुम अरबी क्यों बोलता है? तकलीफ होता है तुम को." तिचं माहेर मत्र्याचं, भारतीय दुकानांच्या बाजारातलं. हिंदी ऐकतच वाढलेली. पहिल्या दिवशी मी अरबीचा असा सपाटा लावला होता की बिचारीने आपली हिंदी बाहेरच काढली नव्हती. "चलो अंदर," ती म्हणाली. मी तिच्यामागून आत गेले. चुलीशेजारी बुटकं स्टूल होतं, त्यावर बसले. त्यानंतर मला कुणी सोफ्यावर बसवलं नाही.

एका शुक्रवारी शमसाचा व्हिडिओ कॉल आला. पाठीमागे बर्फ, अंगात कुणाचातरी मोठा स्वेटर. यजमानीण लिंडा किती चांगली, लिंडाने कुठूनतरी शोधून वाळलेली लिंबं आणली, लिंडा भातात ती घालते, लिंडा झोपताना दिवा ठेवते. मध्येच लिंडा स्वतःही डोकावली आणि हात हलवून गेली. उम सईद सगळा वेळ हसत होती. फोन ठेवला आणि हसू गेलं.

"अच्छी औरत है," ती म्हणाली.

"बहोत अच्छी," मी म्हटलं.

"मेरे को अच्छा नहीं लगता." तिने भाताच्या पातेल्यावर झाकण जरा जोरातच ठेवलं. "हम ने भेजा ना? खुशी से भेजा. फिर भी इधर जलता है."

यावर काय बोलायचं ते मला येत होतं. यजमान आईचं प्रेम म्हणजे सख्ख्या आईच्या प्रेमातून वजाबाकी नव्हे, वगैरे. मी हे पालकांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. मी तिला समीनाचं सांगितलं. सोफा, स्वयंपाकघर, आतून ऐकू येणारं हसणं, सगळं. आजवर नवऱ्यालासुद्धा धड सांगितलं नव्हतं. उम सईदने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "समीना भी अच्छी औरत है."

"बहोत अच्छी," मी म्हटलं.

मग आम्ही दोघींनी मिळून लिंडाला आणि समीनाला पोटभर नावं ठेवली. लिंडाचा भात गिच्च असणार यावर आमचं एकमत झालं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत दोन संस्कृतींचा इतका मनापासून संवाद मी दुसरा घडवून आणलेला नाही.

सत्र संपलं, शमसा परत आली. कॉलेजात स्वागत झालं. ती आता इंग्रजीत न अडखळता बोलत होती. पुढच्या सत्रासाठी तीन मुलींचे वडील उभी मान हलवून गेले. भाषणात शमसाने माझे आणि समीनाचे आभार एकाच वाक्यात मानले. समीनाचं नाव आधी. मी नोंद घेतली.

करार शमसा परत येईपर्यंतचा होता, तो आता संपला, असं मी स्वतःला सांगत होते. गुरुवारी उम सईदचा फोन आला. "कल जल्दी आना. घर में लोग बहोत है."

गेले. बाहेर बैठकीत माणसंच माणसं, आम्ही दोघी आत. ती रस्सा ढवळत होती, मी स्टुलावर बसून कोथिंबीर निवडत होते, आणि अबू सईदांच्या घोरण्यावरून आमचं काहीतरी चाललं होतं. शमसा दारात येऊन उभी राहिली. उम सईदने मान वर न करता चमच्यातला रस्सा माझ्या तळहातावर घातला. "नमक देखो."

शमसा अरबीत म्हणाली, "मामा, मीठ तर मी बघते." एवढं अरबी मला नक्की येतं.

"तू नव्हतीस ना," आई म्हणाली.

शमसाने माझ्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, आईच्या हातातल्या चमच्याकडे पाहिलं. तो चेहरा मला चांगलाच ओळखीचा होता. तसा चेहरा करून मी वर्षानुवर्षं लोकांच्या बैठकीत बसले आहे. फक्त माझ्यामुळे तसा चेहरा कुणाचा झालेला मी तोवर पाहिला नव्हता.

परत आलेल्या मुलीला तिची जागा रिकामी मिळाली पाहिजे, हे मीच यजमानांना शिकवायचे. उठायला हवं होतं. तळहात चाटला. मीठ अगदी बरोबर होतं.

"थोडा कम है," मी म्हटलं आणि हात पुन्हा पुढे केला.